तिसरी सही

६ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. हंगाम संपेपर्यंत सभासदांनी कोणत्याही प्रशिक्षकाशी फोनवर बोलायचं नाही, असा फतवा तुमच्या निवड समितीने काढलाय. मी तुझी भाची असले तरी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाची प्रशिक्षकही आहे. पत्राबद्दल मात्र फतव्यात एक अक्षर नाही. माणसं अजून पत्रं लिहितात हे समितीच्या गावीच नसावं.

मला काहीही मागायचं नाही, हे आधीच सांगते. नऊ तारखेला तुम्ही स्पर्धेसाठी सोळा संघ काढणार. आठ लीगविजेते थेट जातात, उरलेले आठ तुम्ही ठरवता. आम्ही लीगमध्ये दुसरे, म्हणजे तुमच्या दारात उभे. आमचं नाव निघालं की तू नियमाप्रमाणे खोलीबाहेर जाणार, हेही ठाऊक आहे. नियम नसता तरी गेला असतास. लहानपणी पत्ते पिसताना तू मलाच दोन पानं कमी वाटायचास, कारण मी घरची.

तरी तुझ्या माहितीसाठी सांगते. चार मैदानं, दोन मालिशवाल्या आणि स्वतःची बस असलेल्या बड्या कॉलेजला आम्ही एक-शून्यने हरवलंय. तू होतासच की. लाइनमनची स्कूटर वाटेत बंद पडली आणि रेफरीने तुला गर्दीतून ओढून हातात झेंडा दिला. तो विजय धरला तर आम्ही सोळांत बसतो, आणि बडं कॉलेज दुसऱ्या मानांकनावरून पाचव्यावर घसरतं. पहिल्या चारांनाच घरच्या मैदानावर खेळायला मिळतं, म्हणजे त्यांच्या बसला बाहेरगाव बघावं लागेल. तो विजय धरला नाही, तर आम्ही कुठेच नाही.

प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलंय, यंदा स्पर्धेत गेलात तर संघ राहील, नाही तर मैदानाचं वाहनतळ. बावीस मुली आहेत, मामा. आमच्या कॅप्टनला सगळ्या टाचणी म्हणतात, बारीक आहे आणि टोचते म्हणून. तिने बॅग भरून ठेवलीय.

तेव्हा बाहेर जा, पण जाताना पाय आपटत जा. एवढं नियमात बसत असेल.

भाची


१० नोव्हेंबर

चि. भाचीबाईंना अनेक आशीर्वाद.

यादी तू पाहिली असशीलच. म्हणजे हे पत्र सांत्वनाचं समज.

आमची खोली तू पाहिलेली नाहीस. एक लांब टेबल, सात सभासद आणि नऊ मतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘निःपक्षपात’ असं लिहिलंय आणि त्याच्या खाली पंख्याचं बटण आहे, ते चालत नाही. तुमचं नाव निघालं तसा मी उठलो. अध्यक्ष म्हणाले, ‘वा! याला म्हणतात शिस्त.’ अध्यक्ष स्वतः बड्या कॉलेजात बावीस वर्षं शिकवत होते, पण ते जागचे हलले नाहीत. आमच्या नियमात नातं म्हणजे रक्ताचं. पगाराचं धरत नाहीत.

मी बाहेर बाकावर बसलो. चहा घेतला. सोबतचं बिस्कीट मऊ पडलेलं होतं, एका कोपऱ्याला तुटलेलं. पाऊण तासाने आत बोलावलं तेव्हा सगळं उरकलं होतं. कागदपत्रांतल्या त्रुटीमुळे तुमचा तो सामना सरावाचा धरला गेला. कसली त्रुटी ते मी विचारलं नाही. विचारणं नियमात बसत नाही.

हरण्याने माणूस घडतो म्हणतात. जिंकणाऱ्यांखेरीज कोणाच्या तोंडून मी हे ऐकलेलं नाही, पण म्हणतात खरं. मुलींना माझ्यातर्फे शाबासकी दे.

मामी कालपासून माझ्याशी मोजकं बोलतेय. म्हणाली, ‘बाहेर बसायला समितीत कशाला जायला हवं? आपला जिना काय वाईट होता?’

तुझा मामा


१३ नोव्हेंबर

मामा,

तुझं सांत्वन पोचलं. मुलींना दाखवलं नाही, त्या आधीच चिडल्यात.

आता ऐक. काल सहा तास बसमधून आदळत तुमच्या समितीच्या कचेरीत आले. शाळेत तुला भेटायला आले नाही, फतवा. चिटणीस भला माणूस आहे. त्याने सामन्याचा कागद काढून समोर ठेवला. पंचांच्या सह्यांच्या तीन जागा. पहिली रेफरीची, दुसरी एका लाइनमनची, दोन्ही ठसठशीत. तिसऱ्या जागी, शाईत पडलेली मुंगी पाय ओढत घरी गेली असावी अशी एक रेघ. पुढे लायसनचा नंबर नाही. तीन लायसनवाले पंच नसतील तर सामना सरावाचा, म्हणून आमचा विजय रद्द.

मामा, मी तिथल्या तिथे हसत सुटले. चिटणीसाला वाटलं पोरीला धक्का बसला, त्याने पाणी आणून दिलं. अरे, ती मुंगी म्हणजे तू! तुझं लायसन चालू आहे, मे महिन्यातच तू नवं करून घेतलंस आणि फोटोत चोरासारखा दिसतोस म्हणून मामी आठवडाभर हसत होती.

म्हणजे बघ, आत तुझी सही आणि बाहेर तू, मध्ये फक्त एक दार. कोणी दार उघडून तुला विचारलं असतं तर तिथेच मिटलं असतं! मी चिटणीसाला नाव सांगितलं नाही, म्हटलं तूच सांगावंस. हरकतीची मुदत वीस तारखेला दुपारी बारापर्यंत आहे. ज्याची सही, त्याने आपल्या हाताने लिहून द्यायचं. एका ओळीचं काम. पत्र मिळताच देऊन टाक.

टाचणीने बॅग अजून उपसलेली नाही.

भाची


१५ नोव्हेंबर

चि. भाचीस आशीर्वाद.

तुझा उत्साह पाहून बरं वाटलं. पण एक ओळ लिहिणं दिसतं तितकं सोपं नाही. मी गणिताचा मास्तर, एका ओळीच्या उत्तरावर माझा विश्वास नाही.

आमच्या नियमांत कलम अकरा आहे. निवड समितीच्या सभासदाने हंगामात पंच म्हणून मैदानावर उतरायचं नाही. त्या दिवशी मी उतरलो. दुसरा लाइनमन मिळेना, सामना रद्द होत होता, म्हणून उतरलो. सही जरा घाईत झाली. घाईत म्हणजे, घाई केली.

आता ती सही माझी असं म्हटलं तर लोक काय म्हणतील? झेंडाही मामाचा आणि समितीही मामाची. तुमच्या विजयाला कायमचा डाग लागेल. मुलींनी घाम गाळून मिळवलेलं यश, त्यावर माझं नाव कशाला? मी तुमचाच विचार करतोय हे लक्षात घे.

त्यापेक्षा रेफरीला विचार. त्याने लिहून दिलं की लाइनमन लायसनवाला होता, तर माझं नाव न येताही काम होईल.

मामीने हे पत्र वाचायला मागितलं. मी पाकीट आधीच चिकटवलं होतं.

तुझा मामा


१७ नोव्हेंबर

मामा,

रेफरीकडे जाऊन आले. म्हणाला, ‘ताई, मला पुढच्या वर्षीही शिट्टी वाजवायचीय.’ झालं. त्यानेच समितीचा माणूस मैदानात उतरवला, तो कशाला बोलेल.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. कलम अकरा मला माहीत नव्हतं. तू झेंडा घेतला नसतास तर तो सामनाच झाला नसता. आमच्यासाठी तू नियम मोडलास, आणि मी वर तुझ्याकडेच कबुलीजबाब मागत होते. तीस वर्षांत तुझ्याकडे कोणी बोट दाखवलेलं नाही, ते माझ्यामुळे नको.

मुलींना सांगितलंय की लाइनमन सापडत नाही. टाचणी म्हणाली, ‘असा कसा सापडत नाही? नव्वद मिनिटं माझ्या शेजारून पळत होता.’ मी विषय बदलला.

तू मनाला लावून घेऊ नकोस. त्या खोलीत सगळे आपापल्या सोयीचं बोलले असतील. तू बाहेर होतास. तू खोटं बोललेला नाहीस, फक्त गप्प राहिलास. त्यात फरक आहे, आणि तो मला कळतो.

भाची


१८ नोव्हेंबर, कुरियरने

भाची,

फरक नाही.

बाकावर बसलो हे खरं. चहा घेतला हेही खरं. बिस्किटाचा कोपरा तुटलेला होता हे तर त्रिवार खरं. खोटं लपवणारा माणूस बिस्किटाबद्दल फार नेमकं सांगतो, हे तुला प्रशिक्षक म्हणून कळायला हवं होतं.

वीसेक मिनिटांनी दार उघडलं होतं. चिटणीस बाहेर आला, हातात तो कागद. म्हणाला, ‘सर, नियमाने तुम्हाला विचारू नये, पण तुम्ही जुने पंच. ही सही कोणाची, ओळखता का?’

मी चष्मा लावला. स्वतःची सही ओळखायला चष्मा कशाला लागतो? कागद उजेडात धरला. तिरका केला. आणि म्हणालो, ‘नाही बुवा. कोणी नवशिका दिसतो.’

‘नवशिका’ हे त्याने विचारलेलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

त्याने दार लोटून घेतलं, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. कलम अकरातून सुटलो म्हणून वाटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मला वाटलं, बघा, भाचीचा संघ असूनही मास्तर ढळला नाही. आत कोणी तसं म्हणतही असेल म्हणून मी कान देऊन बसलो होतो. आतून फक्त कपबशांचा आवाज आला.

सोबत माझं निवेदन आहे, माझ्या हातचं, दोन ओळींचं. वीस तारखेच्या आत कचेरीत द्यायचं की नाही ते तू ठरव. तू जे करशील ते मला मान्य.

मामा


१९ नोव्हेंबर, कुरियरने

मामा,

पाकीट परत पाठवतेय. निवेदन आतच आहे, तुला पुन्हा लिहावं लागू नये म्हणून.

कचेरी तुझ्या शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. माझ्यापासून सहा तासांवर. तरी ते तू माझ्याकडे धाडलंस. मी दिलं तर भाचीने मामाला बुडवलं, आणि नाही दिलं तर भाचीनेच वाचवलं. दोन्हीकडून तू मोकळा. बाहेरच्या बाकावरून तू अजून उठलेलाच नाहीस.

मी रागावून लिहीत नाहीये. रागावले असते तर एवढं नीट अक्षर आलं नसतं.

उद्या बारापर्यंत मुदत आहे. बावीस जणी वाट बघतायत. कशाची, ते त्यांना माहीत नाही.

भाची


२२ नोव्हेंबर

भाची,

तुझं पाकीट वीस तारखेला सकाळी दहा वाजता शाळेत पोचलं. दहा मिनिटांचा रस्ता आणि दोन तास हातात. माझ्यासारख्या माणसाला एवढा वेळ देऊ नये.

निवेदन उघडून वाचलं. ‘तिसरी सही माझी आहे. चिटणीसांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.’ वाचल्यावर वाटलं, फारच उघडंवाघडं आहे, अंगावर एखादा सदरा तरी हवा. मग ‘खोटं बोललो’च्या जागी ‘ओळख पटवू शकलो नाही’ असं घातलं. मग ते का पटवू शकलो नाही याचा खुलासा आला. मग माझी तीस वर्षांची सेवा आली. दीड पान झालं. शिक्षकांच्या खोलीत बसून मी ते मोठ्याने वाचलं, तर ज्याच्यावर अन्याय झालाय तो मीच आहे असं ऐकू येत होतं. सगळं फाडलं. पुन्हा त्याच दोन ओळी लिहिल्या.

कचेरीत पोचलो तेव्हा बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

चिटणीसाने वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘सर, कलम चार. मुदतीनंतर हरकत नाही.’ मग अगदी हळू म्हणाला, ‘ते तुम्हीच लिहिलेलं आहे.’ खरंच मीच लिहिलं होतं. तेव्हा फार बांधेसूद वाटलं होतं. त्याने निवेदनावर ‘मुदतीनंतर’ असा शिक्का मारला.

आता पुढचं ऐक, आणि हसायचं असेल तर हस, मी रागावणार नाही. काल समितीची बैठक झाली. मला वाटलं, हाकलणार. अध्यक्षांनी निवेदन वाचून दाखवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘अशी माणसं आहेत म्हणून खेळ शिल्लक आहे.’ टाळ्या वाजल्या. कलम अकरा मानवी चूक ठरलं. पुढच्या वर्षापासून एक निःपक्षपात उपसमिती नेमायची आणि तिचा प्रमुख मी, असा ठराव झाला. मी नाही म्हणालो नाही. टाळ्या चालू असताना नाही म्हणणं अवघड असतं. ही सबब आहे, ते मला कळतं.

सोळांची यादी आहे तीच. बडं कॉलेज दुसरं मानांकित, पहिला सामना घरच्या मैदानावर.

मामीला सगळं सांगितलं. तिने विचारलं, ‘आणि मुलींचं काय ठरलं?’ मी म्हणालो, ‘तो विषय मुदतीनंतरचा.’ ती उठून आत गेली.

तू काही म्हणालीस तरी चालेल. काहीच म्हणाली नाहीस तर मात्र मला जड जाईल.

मामा


२६ नोव्हेंबर

मामा,

काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. पण मला एक निरोप पोचवायचाय.

सोमवारी प्राचार्यांची माणसं चुना घेऊन आली आणि पेनल्टी बॉक्समध्ये स्कूटरच्या रांगा आखून गेली. गोलपोस्ट काढणार नाहीत म्हणे, एकावर ‘आत’ आणि दुसऱ्यावर ‘बाहेर’ अशा पाट्या लावल्या की झालं. मला ग्रंथालयात बसवलंय. पुस्तकांना शिट्टी लागत नाही.

मंगळवारी मुलींना बोलावलं आणि तुझी सगळी पत्रं त्यांना वाचून दाखवली. बिस्किटासकट. तुला न विचारता वाचली, आणि त्याबद्दल माफी मागत नाही. लाइनमन सापडत नाही असं मी त्यांना माझ्या तोंडाने सांगितलं होतं. ते खोटं माझं होतं, मला ते फेडायचं होतं.

कोणी रडलं नाही. कोणी शिव्याही घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर तुला बरं वाटलं असतं, म्हणून मुद्दाम कळवतेय. गोलकीपर म्हणाली, ‘माझे बाबा पण असेच आहेत, पाहुण्यांना आधी वाढतात आणि आमच्या वेळी भांडं रिकामं.’ बाकीच्या हसल्या. मग आपापल्या वस्तू घेऊन उठल्या.

टाचणी मागे राहिली. निवडीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाली, ‘सत्तराव्या मिनिटाला मी दुसरा गोल मारला होता, तो त्यांनी झेंडा वर करून रद्द केला. मी रोज झोपताना तो आठवते. कधी वाटतं पाय पुढे होता, कधी वाटतं नव्हता. त्यांना एवढंच विचारा, मी ऑफसाइड होते का?’

मी म्हटलं, विचारते. उत्तर मला नको, तिला लिही.

भाची


२९ नोव्हेंबर

टाचणीस,

मी तुला अहो-जाहो करायला हवं, पण या वयात नवी सवय लावली तर तीही ढोंग वाटेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच क्षणी माहीत होतं, तरी मी चार कच्चे कागद केले. पहिल्यात ‘उन्हाची तिरीप होती’ असं होतं. तिरीप नव्हती, ढग होते. दुसऱ्यात ‘क्षणाचा खेळ असतो’ असं होतं. तिसऱ्यात तुझी धाव कशी सुंदर होती त्याचं वर्णन होतं, म्हणजे मूळ मुद्दा त्याखाली दडपता आला असता. चौथ्यात फक्त तारीख होती.

मध्यंतरात तुझ्या प्रशिक्षकबाईंनी मला पाण्याची बाटली आणून दिली. मी लाइनवर उभा राहून ती प्यायलो आणि मला वाटलं, सगळं मैदान बघतंय, मामाला भाची पाणी पाजतेय. कोणीही बघत नव्हतं. पण तेव्हाच मी मनाशी ठरवलं, आता जो पहिला बारीकसारीक प्रसंग येईल तो यांच्याविरुद्ध द्यायचा, म्हणजे फिटंफाट होईल. तिथे तुझ्याऐवजी तुझ्या संघातली कोणीही असती तरी झेंडा वर गेलाच असता. तू त्या वेळी तिथे पोचलीस, कारण सगळ्यांत वेगाने तूच धावलीस.

पुढे बाकावर बसून जे बोललो ते तू ऐकलंच आहेस. लोकांना वाटतं मी तिथे पहिल्यांदा घसरलो. नाही. तोवर माझा सराव झालेला होता.

त्या उपसमितीचा राजीनामा आज सकाळी देऊन आलो. त्याने तुमचं मैदान परत येत नाही, म्हणून त्याचं कौतुक करू नकोस. तुझ्या प्रशिक्षकबाईंना हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव, असं लिहिणार होतो. पण ठरवायचं ओझं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची माझी खोड आता सगळ्यांना कळलीय. मीच त्यांना हेच सगळं वेगळं लिहून कळवलंय.

पास सुटला तेव्हा तू आणि त्यांची शेवटची बचावपटू अगदी एका रेषेत होतात. रेषेत असलं की ऑफसाइड नसतं. मी तीन पावलांवर उभा होतो, आणि माझे डोळे चांगले आहेत.

तू ऑफसाइड नव्हतीस. रात्री झोपताना पाय मागे-पुढे करून बघायचं आता सोडून दे. पाय होता तिथेच बरोबर होता.